लॉगबुकातले तास मोजता, पण त्या तासांत काय होतं ते कोण बघणार?

प्रति,
मा. मुरलीधर मोहोळ साहेब,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री

सा. न. वि. वि.

मी सांगोला तालुक्यातल्या एका डाळिंबवाल्या शेतकऱ्याची मुलगी. माझ्याकडे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना आहे, लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, 212 तास आहेत आणि नोकरी नाही. मागच्या मंगळवारी मुंबईत एका चार्टर कंपनीत, म्हणजे भाड्यानं विमानं चालवणाऱ्या कंपनीत, मुलाखतीला गेले होते. आठ आसनांच्या जेटवर को-पायलटची जागा होती. समोरच्या कॅप्टनांनी माझं लॉगबुक उघडलं आणि ‘कुठून’ व ‘कुठपर्यंत’ या दोन रकान्यांवरून पेन्सिलीचं टोक खाली नेत गेले. पान उलटलं, पुन्हा तेच. दोन्ही रकान्यांत एकाच विमानतळाच्या खुणेची तीच चार अक्षरं, पानामागून पान.

मग त्यांनी विचारलं, वेगवेगळ्या किती धावपट्ट्यांवर उतरलीस? मी म्हटलं, चार. खऱ्या ढगात किती वेळ? शून्य. बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर हूड लावून केलेला सरावच काय तो. हवामान बिघडलं म्हणून दुसरीकडे कधी वळलीस? नाही. त्यांनी लॉगबुक मिटून माझ्याकडे सरकवलं. “बेटा, आम्ही सकाळी कोल्हापूर, दुपारी शिर्डी आणि रात्री मुंबई करतो. शेजारच्या सीटवरच्या माणसाला मी हे हवेत कधी शिकवू?”

ते चुकीचं बोलले नाहीत, म्हणूनच जास्त लागलं. 14 सप्टेंबर 2023 ला विशाखापट्टणमहून आलेलं लिअरजेट हे छोटं जेट मुंबईत भर पावसात धावपट्टीवरून घसरलं, तेव्हा दृश्यमानता 700 मीटर होती. आतले आठही जण वाचले. अशा दिवशी को-पायलटच्या उजव्या सीटवर बसायचं तर काय लागतं, हे मला कळतं. साहेब, मी ते शिकायलाच पैसे भरले होते.

किती भरले तेही सांगते. 51 लाख. त्यातले 30 लाख कर्जाचे आणि उरलेले दोन एकर विकून आलेले. तेल्या रोगानं डाळिंबाची बाग बसली त्याच वर्षी बाबांनी सही केली. उड्डाण शिकवणाऱ्या संस्थेनं लेखी सांगितलं होतं, 18 महिन्यांत परवाना. लागले 43. माहितीपत्रकात 11 विमानं होती. मी गेले त्या दिवशी उडत होती तीन, बाकीची हँगरमध्ये सुट्या भागांची वाट बघत. पन्नासच्या वर मुलं आणि तीन विमानं! पहाटे पाचला उठून फळ्यावर आपलं नाव शोधायचं आणि दुपारी दोनला ‘आज नाही’ ऐकून खोलीवर परतायचं. माझे असे शेकडो दिवस गेले.

एक सकाळ तर विसरताच येत नाही. फेब्रुवारी, आकाश स्वच्छ, पहिली एकटीची लांबची क्रॉस-कंट्री, म्हणजे दुसऱ्या विमानतळापर्यंतची सफर. नकाशावर रेघा मारून झाल्या होत्या, टाकी भरली होती. पावणेदहाला निरोप आला, व्हीआयपी येतायत, सगळी उड्डाणं थांबवा. जेट उतरलं, पुढारी मोटारीत बसून लग्नाला गेले आणि दोन तासांनी परत निघाले. तोवर वारा इतका चढला होता की एकटीनं उडायची परवानगीच मिळाली नाही. माझी पुढची पाळी 19 दिवसांनी आली. ते दोन तास मी कुंपणाशी उभी राहून त्या जेटच्या को-पायलटकडे बघत होते. मला त्याच्या जागी जायचं होतं आणि त्याच्याच जेटपायी मी जमिनीवर होते.

आणि तास कसे भरतात तेही ऐका. विमान उड्डाणासाठी पहिल्यांदा हलतं तिथपासून उतरून थांबेपर्यंतचा सगळा वेळ नियमानं उड्डाणाचाच. एकदा टॅक्सीवेवर इंजिन चालू ठेवून 25 मिनिटं नुसती उभी होते. हवेत होते 40 मिनिटं, लॉगबुकात लागला 1 तास 10 मिनिटं. यात खोटं काही नाही, सगळं नियमात आहे. आपला नियम म्हणतो 200 तास, त्यात 100 स्वतःच्या जबाबदारीवर, 50 क्रॉस-कंट्री, एक सफर 300 सागरी मैलांची. एवढं केलं की माणूस पास.

आपण कोल्हापूरच्या तालमीत कुस्ती शिकून घडलात. एखाद्या पोराला वर्षभर एकाच जोडीदाराशी, एकच डाव करायला लावला आणि वस्ताद म्हणाला, याचे दोनशे दिवस भरले, तर आपण त्याला मैदानात उतरवाल का?

आपल्या खात्याचे कॅबिनेट मंत्री सांगतात, येत्या 15-20 वर्षांत देशाला 30,000 वैमानिक लागतील. 2025 च्या डिसेंबरात विश्रांतीचे नवे नियम पाळायला पुरेसे वैमानिक नव्हते, म्हणून देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली. लोक विमानतळावर फरशीवर झोपले. आणि इथे परवाना हातात घेतलेली आम्ही मुलं घरी बसलोय! त्याच वर्षी डीजीसीएनं, म्हणजे आपल्याच खात्याच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, उड्डाण प्रशिक्षण संस्थांची पहिली क्रमवारी काढली. 35 संस्थांपैकी वरच्या दोन श्रेणींत एकही बसली नाही. मग या संस्थांना परवानगी कुणी दिली, वर्षानुवर्षं तपासणी कुणी केली? डीजीसीएचीच जवळपास निम्मी पदं रिकामी आहेत, हे संसदीय समितीनं नोंदवलंय. म्हणजे आम्हाला तपासणारा माणूसच जागेवर नाही.

अमेरिकेतली मुलं परवान्यानंतर इन्स्ट्रक्टर होतात, विमानामागे जाहिरातीचे बॅनर ओढतात, शेतावर फवारणी करतात, मालाची छोटी विमानं नेतात आणि मग जेटकडे वळतात. आपल्याकडे मधली पायरी जवळपास नाहीच. चार्टरवाले म्हणतात अनुभव आणा, आणि तो मिळेल अशी जागा देशात कुठे आहे ते कुणी सांगत नाही. ज्याच्या बापाकडे पैसा आहे तो परदेशात जाऊन तास घेऊन येतो. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

नांदेड, लातूर, बारामती, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), यवतमाळ या पाच धावपट्ट्या 2009 साली एका खासगी कंपनीला भाडेपट्ट्यानं दिल्या. त्यांतल्या काही वर्षानुवर्षं ओस पडल्या होत्या. डांबर आमच्या करातून पडलेलं आणि त्या ओस धावपट्ट्यांवर आम्हालाच चाक टेकवता येत नव्हतं. राज्यातल्या अशा धावपट्ट्या शिकाऊ विमानांना खुल्या करा. वेगवेगळ्या धावपट्ट्या, नेमकी तीच गोष्ट माझ्या लॉगबुकात नाही.

प्रत्येक संस्थेची किती विमानं त्या महिन्यात खरोखर उडाली, हे दर महिन्याला जाहीर करायला लावा. पैसे भरण्याआधी बाबांना तो आकडा दिसला असता तर आमची जमीन राहिली असती. ठरलेल्या मुदतीत तास दिले नाहीत तर फी परत, हे करारात सक्तीचं करा. आणि परवान्याच्या तासांत किती वेगळ्या धावपट्ट्या, किती आडवा वारा, खऱ्या ढगातला किती वेळ, याचीही अट घाला. संस्था ओरडतील, ओरडू द्या.

माझं इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणांवर विमान चालवण्याची पात्रता, चार महिन्यांत संपतंय. ते टिकवायचं तर पुन्हा विमान भाड्यानं घ्यावं लागेल, पुन्हा परीक्षक, पुन्हा पैसे. काल रात्री जेवताना बाबांनी विचारलं, किती लागतील? मी अजून त्यांना आकडा सांगितलेला नाही.

आपल्या उत्तराची वाट बघणारी,
सांगोला तालुक्यातील एक परवानाधारक वैमानिक