गिटारला भोक पाडायच्या आधी

विश्रामबाग, सांगली

प्रिय सुन्या,

दिवाळीपासून तुला उत्तर नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. घरी सगळे बरे आहेत. आईची शुगर आटोक्यात, माझी पाठ आहे तशीच. आता मुद्द्याचं.

तुझा भाचा आपली काळी इलेक्ट्रिक गिटार मागायला आला होता. गॅदरिंगला त्याला किणकिणता, मोकळा आवाज हवाय, फेंडरच्या स्ट्रॅट गिटारसारखा. त्यासाठी दोन पिकअपच्या (तारांखाली बसून त्यांचा आवाज उचलणाऱ्या कॉइलच्या) मधोमध राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं यंत्र, घालून तिसरा, एकाच कॉइलचा पिकअप बसवायचा त्याचा बेत आहे. 2019 च्या पुरात जी माळ्यावर होती म्हणून वाचली, तिच्या अंगात आता हा पोरगा खड्डा करणार! मी नाही म्हटलं तर म्हणतो कसा, "मग स्प्लिट करू. मामा म्हणाले, ब्रिजकडचा दोन कॉइलचा हमबकर स्प्लिट केला, एकच कॉइल चालू ठेवली, की मीटरवर आठ के (किलो-ओहम) येतात. स्ट्रॅटचे सहा असतात. झालंच की." मामा म्हणाले! अरे, तू अजून ओहम मोजूनच आवाज ऐकतोस का? बंड्याच्या गच्चीवर ह्याच विषयावर आपण दोघांनी जेवणं थंड केली होती.

गिटार अर्धी तुझी आहे, म्हणून हे सगळं लिहितोय. तुझं ऐकतो तो, माझं नाही.

मीटरवरचा आकडा म्हणजे नुसता तारेचा रोध. आपल्या ब्रिजच्या हमबकरात, सिमूर डंकनच्या जेबीत, तार बारीक आणि वेढे भरमसाट, म्हणून सोळा के. आवाजाचा रंग ठरतो तो कॉइलच्या इंडक्टन्सवर (बदलत्या प्रवाहाला तिचा विरोध, हेन्रीत मोजतात) आणि पुढे लावलेल्या केबलच्या कपॅसिटन्सवर (विद्युतभार साठवायची क्षमता, फॅराडमध्ये). ही दोन मिळून एक शिखर तयार होतं. त्याच्या आसपासचे सूर उठतात, वरचे झपकन खाली येतात. गणित तुझ्या आवडीचं आहे, करून बघ. जेबीच्या दोन्ही कॉइल सीरिजमध्ये, म्हणजे एकीमागे एक, साधारण 8 हेन्री धर, केबल आणि आतल्या वायरी मिळून 500 पिकोफॅराड. शिखर येतं 2500 हर्ट्झच्या जवळ. म्हणून तो पिकअप मधल्या सुरांत छाती काढून बोलतो. तुझ्या स्प्लिटमध्ये उरतात 4 हेन्री, शिखर 3500 वर. स्ट्रॅटचा पिकअप 2.3 हेन्रीचा धरला तर शिखर 4700 वर. म्हणजे मीटरवर तू शेजारी पोचलास, कानाला अजून गल्लीच्या तोंडाशी आहेस.

आता त्याच दोन कॉइल पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी, जोड. इंडक्टन्स चौथाईवर येतो, 2 हेन्री. शिखर 5000 वर. रोधही चौथाई, चार के. आणि दोन्ही कॉइल चालू असल्यामुळे विजेची घरघर हमबकरसारखीच कापली जाते. हॉलमध्ये डिमरचे दिवे आणि मंडपवाल्याचं जनरेटर असताना ही गोष्ट लहान नाही. स्प्लिट केलं की 50 हर्ट्झची घूं आणि डिमरची चरचर सरळ स्पीकरमध्ये. लाइट गेली आणि स्वस्तातला इन्व्हर्टर लागला की मग ऐकायलाच नको.

हुबेहूब स्ट्रॅट होणार नाही, हे त्याला आधीच सांग. स्ट्रॅटमध्ये तारेखाली अल्निकोचे दांडे स्वतःच चुंबक असतात. इथे चुंबक खाली आडवा पडलेला, वर लोखंडी स्लग आणि स्क्रू. शिवाय दोन कॉइल तारेच्या दोन वेगळ्या जागा ऐकतात, त्यात थोडी वरची किणकिण आपसात कापली जाते. आवाज किंचित पोकळ लागतो. पण बँडमध्ये बसतो, आणि ज्याला कॉर्डमधली प्रत्येक तार सुटी ऐकू यायला हवी त्याला पुरतो. आवाज पडतोही बऱ्यापैकी. आठ के वाला साधा जुन्या पद्धतीचा हमबकर असा जोडला तर दोन केवर येऊन मरगळतो. जेबी मुळात इतका जोरकस आहे की पडून पडून साध्या सिंगल कॉइलच्या आसपास थांबतो. तेव्हा लेका, तू हट्टाने घेतलेल्या त्या महागड्या पिकअपचा इतक्या वर्षांनी काहीतरी उपयोग निघाला.

जोडणी सांगतो, कागदावर काढून घे आणि पोराला फोटो पाठव. टोनचा पॉट (नॉबखालचा फिरता रोध) काढून तिथे पुश-पुल, म्हणजे दाबला-ओढला की स्विच बदलणारा पॉट, बसवायचा, म्हणजे बॉडीला कुठेच भोक नको. पुश-पुलच्या खाली सहा पाय असतात, तीन-तीनच्या दोन रांगा. प्रत्येक रांगेतला मधला पाय म्हणजे कॉमन. सिमूर डंकनचे रंग आहेत: काळी वायर कायम व्हॉल्यूम पॉटकडे जाणाऱ्या हॉटला (सिग्नलच्या वायरीला), हिरवी आणि उघडी कायम अर्थला. पांढरी आणि लाल सध्या एकत्र सोल्डर करून टेप मारलेल्या आहेत, त्या सुट्या करायच्या. पांढरी पहिल्या रांगेच्या कॉमनला, लाल दुसऱ्या रांगेच्या. एका टोकाचे दोन पाय एकमेकांना छोट्या वायरने जोडायचे, ती झाली सीरिज. दुसऱ्या टोकाला पहिल्या रांगेचा पाय अर्थला, दुसऱ्या रांगेचा हॉटला, ती पॅरलल. नॉब खाली दाबलेला असताना कोणतं टोक लागतं हे कंपनीप्रमाणे बदलतं. सोल्डर मारण्याआधी मीटरच्या बीपवर बघायचं आणि दाबलेल्या स्थितीत सीरिज ठेवायची. नेकच्या, म्हणजे मानेजवळच्या, पिकअपचे रंग दुसऱ्या कंपनीचे असतील. तिकडे हा नकाशा लावू नको, नेकला हातच लावू नको.

चुका नेहमीच्याच होतात. उघडी वायर स्विचच्या एखाद्या पायाला चिकटते आणि गिटार मुकी होते. तिला आधी नळी चढवायची. पॉटच्या पाठीवर अर्थ लावताना पंचवीस वॉटची सोल्डरिंगची इस्त्री पुरत नाही. पोरं ती दहा-दहा सेकंद टेकवून पॉटच आतून भाजतात. पाठ कानशीने खरवडायची, चाळीस ते साठ वॉटची इस्त्री, आणि दोन-तीन सेकंदांत मोकळं. रंगीत वायरींना मात्र पंचवीसच, त्यांचं प्लास्टिक लगेच आक्रसतं.

झाल्यावर गिटार न उघडता तपासता येतं. केबल लावून व्हॉल्यूम पूर्ण, सिलेक्टर ब्रिजवर, केबलच्या दुसऱ्या टोकाला मीटर. दाबून सोळाच्या आसपास, ओढून चारच्या आसपास. ओढल्यावर आठ दाखवलं तर एकच कॉइल चालू आहे, लाल नाहीतर पांढरी सुटलीय. चार येऊनही आवाज नाकातून आला, बास गायब, तर कॉइल उलट्या फेजमध्ये गेल्यात, रंग कुठेतरी अदलाबदल झालेत. स्क्रू ड्रायव्हरने दोन्ही कॉइलवर टकटक केली की दोन्हीकडून सारखा ठोका यायला हवा.

आता तुझ्या स्प्लिटचंही ऐकून घेतो, नाहीतर म्हणशील मी एकतर्फी बोलतो. पोराला स्प्लिटच हवं असेल तर पांढरी-लाल एकत्रच ठेवून त्यांचा जोड स्विचने अर्थला न्यायचा. अशाने स्लगवाली कॉइल उरते, नेकच्या बाजूची. आवाज जरा भरीव. पण जोड सरळ अर्थला नेण्यापेक्षा मधे 4.7 केचा रेझिस्टर घाल. दुसरी कॉइल थोडी जिवंत राहते, अंग राहतं, घरघरही थोडी कमी. आणि स्प्लिटमध्ये स्विचची एकच रांग लागते. रिकाम्या रांगेतून हॉट आणि अर्थमध्ये 470 केचा रेझिस्टर लागेल असं कर. पॉट 500 केचा आहे, दोन्ही मिळून 242 के होतात, म्हणजे सिंगल कॉइलला लागतो तो 250 चा हिशेब जुळतो आणि टोकाची किरकिर बसते. इतकं सगळं मी तुझ्या बाजूने लिहिलं, तरी माझं मत पॅरललच.

पिकअपची उंची हा फुकटातला उपाय, आणि तोच कुणी करत नाही. मानेवरच्या शेवटच्या पट्टीवर (फ्रेटवर) तार दाबून धरायची आणि तार ते पोल अंतर मोजायचं. सध्या दीड मिलिमीटरवर आहे, तुझीच करणी. अडीच ते तीनवर उतरव. जोर कमी होतो, पण मधला गोंगाट निवळतो आणि ॲम्प स्वच्छ राहतो. मग पाव-पाव फेऱ्याने जवळ आण. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारा दोरा केसभर सरकवून ऐकतो, तसं. आणि ती दहा मीटरची केबल बंड्याला परत दे. लांबी वाढली की कपॅसिटन्स वाढतो आणि वर मिळवलेलं शिखर परत खाली. तीन मीटरची पुरे. हॉल मोठा असेल तर आधी एखादा बफर (लांब केबलचा परिणाम रोखणारं सर्किट) असलेला पेडल, त्यापुढे लांब केबल.

मधल्या खड्ड्याचं काय ते तू त्याला आज रात्रीच फोन करून सांग. रविवारी त्याचा कोणी मित्र राउटर घेऊन येणार आहे.

राणीला दहावीचे मार्क चांगले पडले, कळलं, पेढे राहिले. नवीन नोकरीत रात्रपाळी आहे म्हणे, झोप सांभाळ. वहिनींना नमस्कार. काकूंच्या मोतीबिंदूचं कळव.

येताना पुण्यातून पुश-पुल पॉट घेऊन ये, इथे मिळाला तो बी500के आहे. आपल्याला ए लिहिलेला हवा, ऑडिओ टेपरचा, आखूड शाफ्टचा. पुश-पुल साध्या पॉटपेक्षा उंच असतो. आतली पोकळी मी मोजून ठेवतो आणि माप पाठवतो. माप मिळाल्याशिवाय घेऊ नकोस.

तुझा,
दिग्या