काकू, माझ्या आईला पुणे दाखवलंत त्याबद्दल

काकू,

हे तुम्हाला समोर बसून सांगता आलं असतं, आपलं दार तर समोरासमोरच आहे, पण तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणता आणि चहा टाकायला आत निघून जाता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितीये. शिवाय ज्यांच्याकडे गावाहून वयस्कर माणसं राहायला येतात त्यांनी पण हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आई आणि मावशी थंडीत लातूरहून आल्या तेव्हा मला रजा नव्हती. हिंजवडीला जाऊन परत यायचं म्हणजे सगळा दिवस त्यातच जातो, आणि रविवारी पुण्यात कुठेही जा, गर्दीच गर्दी. मोबाईलवर जे "एका दिवसात पुणे" टाईप प्लॅन सापडतात ते सगळे सकाळी शनिवारवाडा, मग दगडूशेठ, मग लाल महाल, दुपारी अजून काहीतरी आणि संध्याकाळी सिंहगड, असे. ज्या बाईचे गुडघे दोन जिने चढल्यावर बोलायला लागतात तिला हे कसं झेपणार? तुम्ही पहिल्याच दिवशी घरी आलात आणि मला काही न विचारता थेट आईला विचारलंत, तुम्हाला काय बघायला आवडतं, आणि किती वेळ उभं राहवतं? आईला असं कोणी कधी विचारलं नव्हतं हो. ती आधी नुसती हसली, मग म्हणाली मला जुनी भांडी-कुंडी बघायला आवडतात आणि झाडं. तिथून पुढे सगळं तुम्हीच ठरवलंत, एका दिवशी एकच जागा, मधल्या दिवशी आराम.

केळकर म्युझियमबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय. तुम्ही आधी फोन करून जिने किती, मध्ये बसायला कुठे मिळेल ते विचारून घेतलंत आणि पिशवीत घडीचं स्टूल टाकलंत. लोक तिथे जातात, मस्तानी महाल बघतात, कोथरूडहून आणून परत उभा केलेला म्हणून फोटो काढतात आणि बाकीच्या दालनांतून भराभर बाहेर पडतात. तुम्ही आईला अडकित्त्यांसमोर बसवलंत. घोड्याच्या आकाराचे, बाईच्या आकाराचे, केवढे प्रकार! मग पाय घासायच्या वज्र्या, दिवे, दौती, कुलपं, फण्या, स्वयंपाकघरातल्या वस्तू. आई तर बोलायचीच थांबेना, हे आमच्या आजीकडं होतं, ह्याला आमच्याकडं असं म्हणतात, हे असं धरायचं. मावशी सांगत होती की कॉलेजच्या काही मुली आल्या होत्या त्या पण थांबून ऐकायला लागल्या. तुम्ही मध्ये एकदाही "चला पुढे" म्हणाला नाहीत, आणि माझ्या मते पाहुण्यांना म्युझियम दाखवताना हीच गोष्ट सगळ्यात अवघड असते, कारण आपण ते आधी बघितलेलं असतं आणि आपले पाय बाहेर ओढत असतात.

घरी आल्यावर आईने मला केळकरांची गोष्ट सांगितली, तुमच्याकडून ऐकलेली. दिनकर केळकर (1896 ते 1990) 'अज्ञातवासी' नावाने कविता करायचे, त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला आणि त्याच्या नावाने हे संग्रहालय उभं राहिलं. गावोगाव फिरून वस्तू जमवल्या, बायको कमलाबाई बरोबर होत्या, 20,000 च्या वर वस्तू झाल्या आणि शेवटी सगळं महाराष्ट्र सरकारला देऊन टाकलं. आई म्हणाली, लेकराच्या नावानं माणसानं जगाचा संसार सांभाळून ठेवला. मी इतकी वर्षं पुण्यात राहते पण हे मला आईकडून कळलं.

आगाखान पॅलेसला तुम्ही मेट्रोने नेलंत. नळस्टॉपला बसायचं आणि थेट कल्याणीनगरला उतरायचं, मध्ये बदलायचं नाही, दोन्हीकडे लिफ्ट. तिथून पुढे थोडंसंच आहे, तेवढी रिक्षा. आईची पहिली मेट्रो! नदीवरून गाडी जाताना तिने तुमचा हात धरला होता म्हणे. पॅलेस 1892 चा, पण आईला महालात काही इंटरेस्ट नव्हता, तिला 'बां'ची खोली बघायची होती. 9 ऑगस्ट 1942 ला गांधीजींना पकडून इथे आणलं, आठवडा पण झाला नाही तर 15 ऑगस्टला महादेवभाई देसाई गेले, आणि 22 फेब्रुवारी 1944 ला, महाशिवरात्रीच्या दिवशी, कस्तुरबा. दोघांच्या समाध्या मागे बागेत आहेत. तुम्ही दोघींना तिथे सोडून स्वतः लांब जाऊन बसलात असं मावशीने सांगितलं, तिचे यजमान मागच्याच वर्षी गेलेत आणि ती तिथे बराच वेळ बसली. हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, तुम्हाला कळलं. त्याबद्दल वेगळे आभार.

सारसबागेत सकाळी लवकर नेलंत ते पण बेस्ट झालं. तळ्यातल्या गणपतीला थंडीत स्वेटर आणि टोपी घालतात हे बघून आई इतकी खूष झाली की गावाकडे व्हिडिओ कॉल लावून सगळ्यांना दाखवत बसली. मावशीचे गुडघे चांगले आहेत म्हणून तिला समोर पर्वतीवर पाठवलंत, 103 पायऱ्या आहेत हे आधी सांगून, आणि आईला खाली बाकावर बसवून नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीवर 1749 मध्ये देऊळ कसं बांधलं आणि पानिपतानंतर ते तिथेच कसे वारले ते सांगितलंत. आई वर न जाता वरचं सगळं बघून आली. पाताळेश्वरला तर मी पण होते, शनिवार होता. जंगली महाराज रोडवर एवढं ट्रॅफिक आणि आत शिरलं की आठव्या शतकातली लेणी, अख्ख्या कातळात कोरलेली, आणि समोर तो गोल नंदीमंडप. पुण्यात पाहुणे आले आणि हाताशी थोडाच वेळ असेल तर मी आता सगळ्यांना हेच सांगते. एम्प्रेस गार्डनचं फ्लॉवर शो 26 जानेवारीच्या आसपास असतं त्याची तारीख तुम्ही पेपरमधून बघून ठेवली होती. तिथे आई शेतकरी बाई, तिला गुलाब कमी आणि कुंडीतली माती जास्त बघायची होती.

सिंहगडाचं मात्र तुम्ही आईला स्पष्ट सांगितलंत, गाडी वरपर्यंत जाते पण पार्किंगपासून पुढे चढ आहे, पायऱ्या आहेत, तानाजींची समाधी, देवटाकं सगळं चालूनच बघावं लागतं, तुम्हाला त्रास होईल. बाकी सगळे "होईल हो, हळूहळू जाऊ" म्हणत होते. म्हाताऱ्या माणसाला अर्ध्या वाटेवर बसवून ठेवून आपण वर जाऊन यायचं यापेक्षा हे कितीतरी बरं. आपण खडकवासल्याला गेलो, भाजलेलं कणीस घेतलं आणि तुम्ही लांबून गड दाखवलात.

आणि भुलेश्वर! यवतजवळ, डोंगरावर, मला नावच माहीत नव्हतं. तुमच्या भाच्याने गाडी काढली, त्याचे पण आभार. बाहेरून बघितलं तर आत काय आहे याचा अंदाजच येत नाही, आत अंधार आणि काळ्या दगडात इतकं बारीक कोरीवकाम, यादवांच्या काळातलं, काही मूर्ती फोडलेल्या आहेत ते बघून वाईट वाटतं. तुम्ही टॉर्च आणला होतात त्यामुळे स्त्री रूपातला गणपती दिसला, नाहीतर आम्ही तसेच पुढे गेलो असतो. मावशीने तिथे तुम्हाला इतके प्रश्न विचारले की मला वाटलं तुम्ही दमाल, पण तुम्ही शाळेत शिकवायचात ना, ते कळतं. जे माहीत नव्हतं ते "बघून सांगते" म्हणालात आणि रात्री खरंच मेसेज केलात.

परत जाताना पण तुमचाच सल्ला, सोलापूर रोडनेच जाणार आहात तर भिगवणला थांबा, उजनीच्या पाण्यावर थंडीत फ्लेमिंगो येतात, सकाळी लवकर पोचा. पोचलो. नावाडी दादांनी आईला नावेच्या मधोमध बसवलं आणि गुलाबी पक्ष्यांचा अख्खा थवा उठला तेव्हा ती "अगं बाई" एवढंच म्हणाली. तो व्हिडिओ तुम्हाला पाठवलाय.

आई आता गावात सगळ्यांना पुणे सांगत असते आणि प्रत्येक वाक्यात तुम्ही असता. तिने तुमच्यासाठी घरची ज्वारी आणि तूर डाळ पाठवलीये, शनिवारी घेऊन येते, नको म्हणू नका. आणि पुढच्या हुरड्याला तुम्ही लातूरला यायचंय, काकांना पण घेऊन. आई म्हणाली तिकडचं सगळं ती दाखवेल, खरोसा लेणी आणि औशाचा किल्ला तिने आत्ताच ठरवून ठेवलाय, आणि तुम्हाला किती वेळ उभं राहवतं ते मला विचारून कळवायला सांगितलंय, तेवढं सांगा.

तुमची समोरच्या ब्लॉकमधली