चि. मनूस, मसुदा वाचल्यावर

पुणे, रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

न सांगता माणसाचं सगळं ओळखतात असं म्हणवणाऱ्या कोथरूडच्या बाईंवर वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहिलेला तुझा मसुदा दोनदा वाचला. भाषा चांगली उतरली आहे, बाहेरच्या खोलीत ताटकळणाऱ्या माणसांचं वर्णन तर फारच. पण हा लेख असाच छापून आला, तर आठ दिवसांत त्याचं कात्रण लॅमिनेट होऊन त्या बाईंच्या कोथरूडच्या खोलीत भिंतीवर लागेल आणि पुढे कित्येक वर्षं तेच लोकांना आत आणेल. खाली नाव तुझं असेल. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी बैठकीचं रेकॉर्डिंग समोर घे. "पहिल्या पाच मिनिटांतच त्यांनी सांगितलेलं ऐकून थक्क झाले," हे तू आठवणीवर लिहिलं आहेस, आणि अशा बैठकीनंतरची आठवण भरवशाची नसते. जुळलेलं लक्षात राहतं, चुकलेलं पुसलं जातं. सगळं बोलणं शब्दशः उतरवून काढ. तासाभराच्या बोलण्याला चार-पाच तास लागतील, तरी गाळू नकोस. मग बाईंच्या प्रत्येक विधानाला क्रमांक दे आणि तीन रकाने आख: स्पष्ट बरोबर, स्पष्ट चूक, कुणालाही लागू पडेल असं. शिवाय प्रत्येक बरोबर विधानासमोर लिही, की ती माहिती पहिल्यांदा कुणाच्या तोंडून आली. पुष्कळदा ती समोरच्याने स्वतःच दिलेली असते आणि घरी जाऊन तो सांगतो, "त्यांनी न सांगता ओळखलं."

तुझ्याच मसुद्यातलं एक वाक्य घे. "तुमच्या घरात बँकेत कुणी नाही ना?" तू म्हणालीस, मावशी आहे. त्या म्हणाल्या, "तेच दिसतंय मला." तू नाही म्हणाली असतीस, तरी उत्तर तयार होतं: "हो, म्हणूनच विचारलं, पैशाचा व्यवहार सांभाळणारं कुणी दिसत नाही." सगळी करामत त्या "नाही ना" मध्ये आहे. होकार आला तरी बरोबर, नकार आला तरी बरोबर. उतरवलेल्या मजकुरात असे "नाही ना", "असं काही झालं होतं का", "म्हणजे अगदी तसंच नाही, पण" लाल पेनने अधोरेखित कर.

दुसरं, "स किंवा श वरून नाव येतंय." सुरेश, संजय, सुनीता, शोभा, शुभांगी, शंकर. यांतलं एकही नाव नात्यात नाही, असं मराठी घर शोधून बघ. आपल्या मोबाइलमधली स आणि श ची नावं मोजलीस तरी पुरे. तिसरं, छातीवर हात ठेवून "वडीलधाऱ्यांपैकी कुणाला तरी इथे त्रास होता." हृदयविकार, दमा, न्यूमोनिया, रक्तदाब, आम्लपित्त, सगळं तिथेच बसतं. गुडघ्यावरचा जुना व्रण, कपाटातलं बंद पडलेलं घड्याळ, खोक्यात राहिलेले फोटो, हेही बहुतेक घरांत सापडतं.

आणि स्वभावाचं वर्णन, जे तू चौकटीत घेतलं आहेस: "वरून खंबीर दिसता, पण आतून हळव्या आहात, स्वतःवर फार टीका करता." 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या 39 विद्यार्थ्यांना चाचणीचा निकाल म्हणून स्वभावाचं वर्णन दिलं आणि ते कितपत जुळतं, यासाठी 5 पैकी गुण मागितले. सरासरी 4.26 आली. कागद सगळ्यांना एकच दिलेला होता, आणि त्यातली बरीचशी वाक्यं बाजारात मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. तुझी चौकट ऑफिसातल्या दहा जणींना वेगवेगळी वाचायला दे, प्रत्येकीला सांग की हे तुझ्याबद्दल आहे.

आता यापेक्षा गंभीर भाग. भेटीची वेळ आठ दिवस आधी घ्यावी लागते आणि अर्जात पूर्ण नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर व फोटो मागतात, असं तूच लिहिलं आहेस. एवढ्यावर कुणाच्याही घरातली लग्नं, बदल्या, श्रद्धांजलीच्या पोस्ट तासाभरात सापडतात. त्या बाई तसं करतात असं मी म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण ती वाट उघडी असताना "त्यांना काहीच माहीत नव्हतं" हे वाक्य तुला लिहिता येत नाही. अमेरिकेत पीटर पॉपॉफ नावाचा धर्मोपदेशक भर सभेत अनोळखी लोकांची नावं, पत्ते, आजार सांगायचा. 1986 मध्ये जादूगार जेम्स रँडी आणि त्याच्या साथीदारांनी रेडिओ स्कॅनर लावला, तेव्हा 39.17 मेगाहर्ट्झवर पॉपॉफच्या बायकोचा आवाज मिळाला. लोकांनी सभेआधी भरलेल्या कार्डांवरची माहिती ती वाचून दाखवत होती आणि ते त्याच्या कानातल्या छोट्या यंत्रात ऐकू जात होतं.

मग तपासायचं कसं? एका दुपारचं काम आहे. एकाच वयोगटातल्या पाच बायका निवड, बाईंना अनोळखी. नावं, फोटो, नंबर काहीही पाठवू नकोस, फक्त 1 ते 5 क्रमांक. प्रत्येकीने पडद्यामागे न बोलता दहा मिनिटं बसायचं, बाईंनी तिचं वाचन, म्हणजे तिच्याबद्दल त्यांना जे कळतं ते, लिहून द्यायचं. पाचही वाचनं एकाच फाँटमध्ये टाइप करून क्रम बदलायचा. "आत्ताच आलेली", "आधीच्यापेक्षा शांत" असे शब्द काढून टाकायचे, नाहीतर क्रम ओळखू येतो. कोणतं वाचन कुणाचं याची किल्ली बंद पाकिटात, आणि ती माहीत असलेल्या माणसाने खोलीत थांबायचं नाही; चेहऱ्यावरून कळतं. मग प्रत्येकीने पाचांतून आपलं वाचन निवडायचं. नुसत्या नशिबानेही सरासरी एक निवड बरोबर येईल. पाचही बरोबर येण्याची शक्यता 3125 मध्ये एक. किती बरोबर आल्यावर यश म्हणायचं, हे आधी कागदावर लिहून बाईंची सही घे. हे राहिलं की चाचणी फुकट जाते. निकालानंतर "आज लहरी अनुकूल नव्हत्या" असं म्हणायला जागा उरते. बाईंनी चाचणीलाच नकार दिला, तर तो नकार त्यांच्या शब्दांत लेखात घाल.

अशी काळजीपूर्वक चाचणी आपल्या पुण्यात झालेली आहे. 2008 मध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे यांनी 200 मुलांच्या कुंडल्या घेतल्या, 100 हुशार मुलांच्या आणि 100 मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना प्रत्येकी 40 कुंडल्या दिल्या आणि कुठली कोणत्या गटातली, एवढंच विचारलं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. यशासाठी 40 पैकी 28 बरोबर हवी होती, कारण नाणं उडवूनही तेवढी क्वचितच येतात. सर्वांत चांगला निकाल 24 होता आणि सगळ्यांची सरासरी 46 टक्के. एका संस्थेने 200 च्या 200 कुंडल्या तपासल्या. बरोबर आल्या 102. भविष्यावर लिहिणाऱ्या पुण्याच्या प्रत्येक वार्ताहराच्या टेबलावर हे आकडे असावेत असं मला मनापासून वाटतं.

"पोलीसही त्यांची मदत घेतात," हे वाक्य आत्ता काढ. ठेवायचंच असेल तर पोलीस ठाण्याचं नाव, गुन्हा रजिस्टर नंबर आणि शोध लागण्याआधीच्या तारखेची लेखी नोंद माग. मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज कर, 10 रुपये लागतात, मुदत 30 दिवसांची. "हरवलेली व्यक्ती पाण्याजवळ दिसतेय" हे बाईंनी सांगितलं आणि खरं ठरलं, असं तू लिहितेस. या शहरात मुळा आहे, मुठा आहे, खडकवासल्याचा कालवा गावातून जातो, पाषाण आणि कात्रजला तलाव, शिवाय ओढे. पाण्यापासून लांबची जागा दाखवणंच कठीण.

"अनेक वाहिन्यांनी दखल घेतली," हाही पुरावा नव्हे. बाईंवरचा तो अर्ध्या तासाचा कार्यक्रम पैसे देऊन दाखवलेला होता का, हे वाहिनीला फोन करून विचार. अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवू नये, असं 1994 चे केबल टीव्हीचे नियमच सांगतात. आणि उपसंपादक "शेवटी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या दोन ओळी टाक, समतोल होईल" म्हणाले, तर ऐकू नकोस. अकराशे शब्द कौतुकाचे आणि दोन ओळी शंकेच्या, याने वाचकाच्या हातात काहीच पडत नाही.

कायद्याचा उल्लेख जपून कर. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं, त्यांचा प्रसार करून लोकांना फसवणं हा गुन्हा आहे; शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड 5 हजार ते 50 हजार. पण ज्योतिषाने किंवा वास्तुशास्त्राप्रमाणे दिलेला नुसता सल्ला त्यातून वगळलेला आहे. तेव्हा बाई नेमका कशाचा दावा करतात, कशाचे पैसे घेतात, हे पावतीसकट बघितल्याशिवाय "बेकायदा" हा शब्द वापरू नकोस. दाभोलकर या कायद्यासाठी कित्येक वर्षं झगडले आणि 20 ऑगस्ट 2013 ला ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांचा खून झाल्यावर तो आला. त्याबद्दल लिहिताना शब्द नेमका हवा.

एक गोष्ट मात्र तुझ्या मसुद्यात खरी पकडली गेली आहे आणि तिला तू दोनच ओळी दिल्या आहेस. बाहेरच्या खोलीत बसलेल्या, मुलाचा शर्ट पिशवीत घेऊन आलेल्या त्या बाई. त्यांची तयारी असेल तर त्यांना पुन्हा भेट. किती खेपा झाल्या, प्रत्येक वेळी किती पैसे दिले, दर वेळी मुलगा कुठे आहे असं सांगितलं गेलं, तारखा लावून लिहून घे. पोलिसांत हरवल्याची तक्रार अजून चालू आहे का, की इथे भरवसा ठेवून त्यांनी पाठपुरावा सोडला, तेही विचार. सोडला असेल, तर लेखाचं नंतर बघू, आधी त्यांना घेऊन चौकीत जा. मी येतो बरोबर.

तुझा,
बाबा