‘केम्प्ट’ हा शब्द चूक कसा?

महोदय,

आमच्या तालुक्यात नुकत्याच झालेल्या शालेय इंग्रजी निबंध स्पर्धेतील एक उत्तरपत्रिका माझ्या पाहण्यात आली. आजीच्या घरापुढचे चोपून, शेणाने सारवून घेतलेले खळे वर्णन करताना नववीतल्या मुलीने त्याला ‘केम्प्ट’ असे विशेषण लावले होते. परीक्षकांनी त्याखाली लाल शाईने दोन रेघा ओढल्या, ‘असा शब्द नाही’ असा शेरा मारला आणि गुण कापले. निवृत्त इंग्रजी शिक्षक या नात्याने मला हा शेरा मान्य नाही.

‘अनकेम्प्ट’ म्हणजे विस्कटलेला, गबाळा, हे सर्वांना ठाऊक असते. त्यातला ‘अन’ काढला की उरलेला शब्द कानाला परका वाटतो आणि तो मुलीने मनानेच बनवला असावा असा समज होतो. वास्तविक जुन्या इंग्रजीत विंचरणे या अर्थाचे एक क्रियापद होते, त्यावरून विंचरलेला तो ‘केम्प्ट’ झाला आणि त्यालाच नकार जोडून ‘अनकेम्प्ट’ तयार झाला. पुढे मूळ क्रियापद मागे पडले, नकारार्थी रूप तेवढे तोंडी राहिले. तरीही नीटनेटका या अर्थाने ‘केम्प्ट’ची नोंद आजच्या प्रमाण इंग्रजी शब्दकोशांत आहे. सारवणाऱ्या हाताची एकाला एक लागून उमटलेली अर्धवर्तुळे ज्याने खळ्यावर पाहिली आहेत, त्याला विंचरण्याशी नाते सांगणारा हा शब्द तिथे किती चपखल बसतो हे वेगळे सांगायला नको.

अशा सगळ्याच शब्दांची वकिली मी करणार नाही, कारण प्रत्येकाची कुळकथा निराळी आहे. ‘अनकूथ’ म्हणजे आज असंस्कृत, पण त्याचा मूळ अर्थ अनोळखी आणि ‘कूथ’चा ओळखीचा. सुसंस्कृत या अर्थाने आज जो ‘कूथ’ क्वचित वाचायला मिळतो, तो मात्र अलीकडे, काहीसा गमतीने काढलेला आहे. ‘डिसग्रंटल्ड’ म्हणजे नाराजमधला ‘डिस’ तर नकाराचा नाहीच, तो जोर देण्यासाठी आला आहे, आणि ‘ग्रंटल’ म्हणजे कुरकुरत राहणे. असे असूनही विनोदी इंग्रजी लेखक पी. जी. वुडहाउस यांनी १९३८ च्या एका कादंबरीत ‘ग्रंटल्ड’ हा शब्द खुशीत असलेला या अर्थाने योजला, वाचकांनी तो उचलला आणि शब्दकोशांनीही त्याला जागा दिली. विनोदी लेखनात तो शोभतो. बँकेला लिहिलेल्या अर्जात शोभणार नाही, एवढे तारतम्य विद्यार्थ्यांना शिकवायला हवे. पण विस्कटलेल्या केसांचा या अर्थाच्या ‘डिशेव्हल्ड’मधून कोणी ‘शेव्हल्ड’ काढला, तर त्याखाली मीही रेघ ओढीन.

उपसर्ग उडवून शब्द घडवणे ही इंग्रजांची अलीकडची खोड आहे असेही कोणी समजू नये. ‘असुर’ या शब्दात मुळात नकार नव्हता. ‘अ’ नकाराचा आहे असे समजून लोकांनी पुढे ‘सुर’ म्हणजे देव असा शब्द काढला, असे भाषाशास्त्र सांगते. ‘विधवा’चेही तसेच. इंग्रजी ‘विडो’ हा त्याच कुळातला शब्द असून त्यातला ‘वि’ हा उपसर्ग नाही. तरी ‘धव’ म्हणजे पुरुष, आणि त्याच्या वियोगाने ‘विधवा’, अशी फोड यास्काच्या निरुक्तात, म्हणजे शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात, सापडते, आणि त्याच ‘धव’वरून आलेला ‘सधवा’ आपण बिनदिक्कत वापरतो. चुकीच्या फोडीतून जन्मले म्हणून ‘सुर’ आणि ‘सधवा’ कोणी मराठीतून हद्दपार केलेले नाहीत.

या विषयाची एक बाजू थेट जिवाशी निगडित आहे. मुंबई-गोवा महामार्गावर, लोटे परशुरामच्या परिसरात, टँकरच्या पाठीवर ‘हायली इन्फ्लेमेबल’, म्हणजे चटकन पेट घेणारे, असे ठळक अक्षरांत लिहिलेले दिसते. इथला ‘इन’ नकाराचा नाही, पण अर्धवट इंग्रजी येणाऱ्याला ‘पेट न घेणारे’ असा उलटा अर्थ लागू शकतो. हाच धोका ओळखून अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२० च्या दशकात ‘फ्लेमेबल’ हा सुटसुटीत शब्द वापरण्याचा आग्रह धरला. तिथे उपसर्ग गाळलेला शब्दच अधिक जबाबदारीचा ठरला. आपल्याकडे टँकरवर ‘ज्वलनशील’ असे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिणे सक्तीचे करावे, असे मला याच निमित्ताने सुचवावेसे वाटते.

स्पर्धेच्या आयोजकांना माझी विनंती आहे की परीक्षकांच्या टेबलावर एक मोठा इंग्रजी शब्दकोश ठेवावा आणि अपरिचित शब्द त्यात पाहिल्याशिवाय गुण कापू नयेत. सदर उत्तरपत्रिका पुन्हा तपासून कापलेले गुण त्या मुलीला परत द्यावेत, आणि शब्द बरोबर होता हे तिला शाळेमार्फत लेखी कळवावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, राजापूर, जि. रत्नागिरी