मावशी, तुमचा स्टीलचा डबा अजून माझ्याकडेच आहे

प्रिय मावशी,

सप्रेम सलाम.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. मागच्या रविवारी उपासनेनंतर मी जरा सुरुवात केली, तर म्हणालात, "सासूबाईचं बीपी पाहिलं का या आठवड्यात?" म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. इथे तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही.

गेल्या मे महिन्यात वर्धा रोडवर यांचा अपघात झाला आणि आम्ही 26 दिवस धंतोलीतल्या हॉस्पिटलात होतो. उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. सासूबाई इकडे मोहननगरात एकट्या. त्यात नवतपा, उन्हाळ्याचे ते सगळ्यात कडक नऊ दिवस, लागलेला आणि नळाचं पाणी खेचणारा आमचा टुल्लू पंप नेमका त्याच आठवड्यात जळलेला. नागपुरात राहणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. पारा 45 च्या आसपास असताना कूलरमधलं पाणी संपलं की तो झळाच फेकतो, आणि ऐंशीची बाई त्या झळांसमोर बसून असते.

तुम्ही रोज दुपारी दोन वाजता डोक्याला ओढणी गुंडाळून यायचात आणि कूलर भरायचात. गुडघे दुखतात म्हणून बादली अर्धीच भरायची, पण खेपा आठ. हे मला तुम्ही सांगितलं नाही. सासूबाईंनी खेपा मोजल्या होत्या, त्यांना दुसरं काम काय होतं! घरी आले तेव्हा कूलरची खससुद्धा नवी होती. पैसे विचारले, तर म्हणालात, "जुनी होती माझ्याकडे." जुन्या खसेला तसा वास येतो का, मावशी?

पण मला आभार मानायचेत ते मुख्यतः पायऱ्यांवरच्या त्या संध्याकाळचे.

ऑपरेशनला तीन दिवस झाले होते. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगून जायचा: जीव वाचला, देवाचे उपकार मान. माणसं चांगली होती, मनापासून बोलत होती. तरी मला प्रत्येकाला बाहेर काढावंसं वाटायचं. तुम्ही डबा घेऊन आलात आणि मी दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर बसलेली दिसले.

"काहून रडून राहिली गं पोरी?"

मी भडाभडा बोलले. म्हटलं, पाय गेला त्याबद्दल उपकारस्तुती करू का? बायबलात पौल 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' असं लिहून गेला, त्याचं काय जातंय?

दुसरं कुणी असतं तर माझ्यासाठी तिथेच प्रार्थना सुरू केली असती. तुम्ही शेजारी बसलात, डबा उघडलात आणि म्हणालात, "वचन नीट वाच. थेस्सलनीकाकरांना 'सर्व स्थितीत' असं लिहिलंय, 'सर्व स्थितीबद्दल' नाही. पायासाठी कोण आभार मागून राहिलं तुला?" मग पोळीचे दोन तुकडे केलेत. एक माझ्या हातात ठेवत, जणू भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं तसं म्हणालात, "ज्या रात्री येशूला धरून दिलं, त्याच रात्री त्यानं भाकर घेऊन उपकारस्तुती केली. धरून दिलं म्हणून नाही केली."

मी लहानपणापासून प्रभुभोजन घेतेय. पाळकसाहेबांनी एकदा सांगितलंही होतं, की प्रभुभोजनाचं दुसरं नाव युखारिस्त, तो शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थच उपकारस्तुती. ऐकून सोडून दिलं होतं. दोडक्याची भाजी आणि अर्धी पोळी हातात असताना ते कळलं. त्या दिवशी मी देवाचे आभार मानले ते त्या पोळीचे. त्याहून जास्त जमलं नाही, आणि तुम्ही मागितलंही नाही.

त्यानंतर वर्षभर मी तुमच्याकडे फिरकलेसुद्धा नाही. घर, फिजिओथेरपी, हप्ते, यांची चिडचिड. लूकच्या शुभवर्तमानात सतराव्या अध्यायातले, येशूने बरे केलेले ते दहा कुष्ठरोगी आठवतात ना? बरे झाले दहाही, आभार मानायला परत आला एकटा शोमरोनी. बाकीचे नऊ बहुधा असेच घाईत असणार. त्यांच्यावर रागवायची सवय होती मला, आता त्यांच्यातलीच एक वाटते स्वतःला. एका बायबल अभ्यासात तुम्हीच म्हणाला होतात, की त्या नऊ जणांची कातडी काही परत बिघडली नाही, दिलेलं त्यानं काढून घेतलं नाही. म्हणूनच तर परत यायची हिंमत होतेय. आभार ही फी असती, तर माझ्यावर किती लेट फी चढली असती!

नोव्हेंबरात चर्चमधल्या कापणीच्या सणाला हे पहिल्यांदा नवा पाय लावून आले. लिलावात तुमच्या वेलावरची लवकी निघाली. बाजारात तीस रुपयांना मिळते, यांनी दोनशेपासून सुरुवात केली. तुम्ही मागून ओरडलात, "अगा, वेडा झाला का?" ती शेवटी साडेसहाशेला यांनाच सुटली, आणि यांनी ती पुन्हा लिलावात दिली. यांना तोंडाने बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. तो यांचा आभाराचा प्रकार होता. माझा हा.

आणि तुमची ती गोष्ट, 29 नोव्हेंबर 1970 ची, ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली तेव्हा तुम्ही आठ वर्षांच्या होतात आणि गर्दीत तुमची चप्पल हरवली, ती आमच्या पोराला पुन्हा ऐकायची आहे. त्याला फक्त चपलेत रस आहे.

कूलर काल बाहेर काढला. टुल्लू नवा घेतलाय, त्यामुळे बादलीला हात लावायचं काम नाही. तरी दुपारी दोनला या, सासूबाई वाट पाहतात. डबा रिकामा परत करायचा नसतो म्हणून ठेवून घेतलाय. कैऱ्या आल्या की लोणचं भरून आणून देते.

तुमची,
दोन घरं पलीकडची पोरगी