सेलमचे बळी न्यायालयाचे

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीतल्या सेलम गावाच्या चेटूक खटल्यांवरील रविवार पुरवणीतील लेखात सारा दोष आरोप करणाऱ्या मुलींच्या झटक्यांवर आणि गावाच्या उन्मादावर टाकला आहे, तो पटला नाही. उन्मादातून आरोप झाले. फाशी मात्र न्यायालयाने दिली. आरोपीचे छायारूप येऊन आपल्याला छळते, हे फक्त तक्रारदाराला दिसणारे दृश्य १६९२च्या विशेष न्यायालयाने पुरावा म्हणून स्वीकारले. अशा आरोपाचे खंडन कोणी आणि कसे करायचे? ७१ वर्षांच्या रिबेका नर्स यांना ज्यूरीने आधी निर्दोष ठरवले होते. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन यांनी ज्यूरीला फेरविचार करायला लावला आणि १९ जुलैला नर्स यांना फासावर चढवले गेले. चेटकाची खोटी कबुली देणाऱ्यांचा जीव वाचला. नकारावर ठाम राहिलेले मेले. हा अन्याय लेखात यायलाच हवा होता. एकूण १९ जणांना फाशी झाली. ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर विल्यम फिप्स यांनी ते न्यायालय बरखास्त केले. गाव तेच, आरोपही तेच. तरी १६९३मध्ये नव्या न्यायालयाने छायारूपाचा पुरावा बाजूला ठेवताच बहुतेक आरोपी सुटले. दोषी ठरलेल्या तिघींनाही फाशी झाली नाही.

– एक वाचक, सातारा