गाळ काढलात, आता सगळ्यांना एका टेबलाशी बसवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

चिपळूणच्या पुराबद्दल दर मे महिन्यात पेपरात एकच बातमी येते, वाशिष्ठी नदीतला गाळ किती काढला, पोकलेन किती लागले, डंपर किती फिरले. गाळ काढायलाच हवा, त्यासाठी २०२१ च्या डिसेंबरात इथली माणसं उपोषणाला बसली तेव्हा कुठे यंत्रणा हलली, हे कोणी नाकारत नाही. पण पूर म्हणजे नुसता गाळ नाही हो.

२२ जुलै २०२१ आठवा. वर घाटाकडे रात्रभर धो धो पाऊस, गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर म्हणजे खाडीला उधाण, त्यामुळे खाडीच्या तोंडाला दाभोळकडे पाणी उतरायलाच मागेना, वाशिष्ठी फुगली की तिला मिळणाऱ्या शहरातल्या शिव नदीला तोंडच राहत नाही, मग तिचं पाणी उलटं बाजारपेठेत शिरतं, आणि वरून कोयनेचं. हे चिपळूणबाहेरच्या लोकांना सांगावं लागतं. कोयना नदी खरं तर पूर्वेला कृष्णेकडे जाते, पण तिचं वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) पाणी विजेसाठी पश्चिमेला वळवता येतं, ते पोफळी, कोळकेवाडी करत शेवटी आमच्या वाशिष्ठीत उतरतं. पुरानंतर वाद झाला, जादा पाणी सोडलं की नाही सोडलं. अहो, वीज बनवली की पाणी खाली येणारच, ते काय परत घाट चढत नाही. भरतीच्या तासांत वीजनिर्मिती किती ठेवायची, एवढंच आधी बसून ठरवा, आणि ठरलेलं लोकांना कळू द्या.

अडचण अशी की वीजघर एका खात्याकडे, नदी जलसंपदाकडे, शिव नदी आणि गटारं नगरपरिषदेकडे, हायवेचा भराव आणि मोऱ्या महामार्गवाल्यांकडे, खाडी आणखी कोणाकडे. डोंगरावरचं जंगल तर आमच्या जिल्ह्यात बहुतेक खाजगी मालकीचं, तिथे तोड झाली की पहिल्या पावसात लाल माती पऱ्यातून वहाळात, वहाळातून नदीत, आणि पुढच्या मे मध्ये तोच गाळ काढायला परत टेंडर! वरचा आणि खालचा एकमेकांशी बोलतच नाहीत, बोलतात ते पूर येऊन गेल्यावर, पंचनाम्याच्या वेळी.

म्हणून म्हणतो, तिवऱ्यापासून दाभोळपर्यंत अख्ख्या खोऱ्याची एक बैठक दरवर्षी एप्रिलमध्ये घ्या, आणि ती फक्त साहेबलोकांची नको. अलोरे-शिरगावचे लोक, पेढे, गोवळकोट, बाजारातले व्यापारी, खाडीत होडी घालणारे मच्छीमार सगळे हवेत. मळई, म्हणजे गाळाचं बेट, कुठे वाढली, पाणी कुठे अडतं हे होडीवाल्याला सर्व्हे न करता ठाऊक असतं. २ जुलै २०१९ ला तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली, तिथल्या गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती ना? ऐकलं कोणी?

निळ्या आणि लाल पूररेषेचंही तेच. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतल्याची लाल, हे शास्त्र चूक आहे असं मी म्हणत नाही. पण नकाशा ऑफिसात बनला आणि एकदम शहराच्या डोक्यावर येऊन पडला, निम्म्या गावाला कळेना आता घर दुरुस्त करता येईल की नाही, मग मोर्चे निघणारच. आधी दाखवला असता, जुने वाडे, दुकानं यांचं काय ते लोकांशी बोललं असतं, तर नदीकाठच्या शेतात नवा भराव घालून प्लॉट पाडणाऱ्यांना तरी वेळीच रोखता आलं असतं. त्यांच्यावर बोलायला मात्र कोणी पुढे येत नाही, कारण ते आपल्यातलेच.

आणखी एक साधी गोष्ट. वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर, धोका पातळी ७ मीटर, हे मेसेज येतात मोबाईलवर. पण ५ मीटर म्हणजे चिंचनाक्यावर किती पाणी, मुरादपूरला किती, पेठमापला कुठवर? दुकानदाराला खालच्या रॅकचा माल माळ्यावर चढवायला दोन-तीन तास लागतात, हमाल रात्री मिळत नाहीत, मीटर घेऊन तो काय करणार. विजेच्या खांबांवर रंगाने पट्टे मारा, नदीला ५ झाले की इथे घोटाभर, ७ झाले की इथे कमरेएवढं, भोंगा वाजायच्या आत माणूस स्वतः हलेल. हे काम वॉर्डावॉर्डातल्या जुन्या लोकांना बरोबर घेऊन आठवड्यात होईल, त्यांना २००५ चं पाणी पण आठवतंय आणि २०२१ चं पण.

तुमच्याकडेही एक मागणं आहे. जून ते सप्टेंबर रोज पहिल्या पानावर, जिथे सोन्याचा भाव छापता तिथेच, वाशिष्ठीची पातळी, दाभोळच्या भरतीची वेळ आणि कोयनेतून त्या दिवशी किती पाणी आमच्याकडे उतरणार हे तीन आकडे छापा. तिसरा आकडा मिळाला नाही तर ती जागा कोरी सोडा आणि कोणी दिला नाही ते खाली लिहा.

आपला,
बाजारपेठेतला एक दुकानदार, चिपळूण